प्रश्न आपला, प्रयोगशाळा विद्यापीठाची

दहावी-बारावीचे निकाल लागले की कर्जत, राशीन, मिरजगावच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला कुठे घालायचे? आयटीआय की डिप्लोमा, डी.फार्म की बी.एस्सी.? मामू एक सांगतात, शेजारचे दुसरे सांगतात आणि ऑनलाइन फॉर्म भरणारा दुकानदार तिसरेच सुचवतो. या चर्चेत एक गोष्ट कधी विचारली जात नाही. आपल्या मुलाला कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो?

हे विचारणे आता शौक राहिलेले नाही. विद्यापीठे आणि मोठ्या संस्थांमध्ये संगणक, ध्वनी, चित्र, लिपी आणि यंत्रे यांवर एकत्र काम करणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. त्यांना डिजिटल मीडिया लॅब, डिझाइन सेंटर किंवा इनोव्हेशन लॅब म्हणतात. तिथे परीक्षेतले गुण दारापर्यंत नेतात. आत काय करायला मिळेल ते विद्यार्थ्याच्या प्रस्तावावर ठरते. 'मला अमुक अडचण दिसते, तिच्यावर मी अमुक करून पाहणार आहे, त्यासाठी मला एवढे साहित्य आणि एवढा वेळ लागेल' असे एका कागदावर लिहून देता आले पाहिजे. आपली मुले हुशार आहेत, मेहनती आहेत. पण इतरांनी छापलेला फॉर्म भरायची सवय त्यांना लागली आहे, स्वतःचा कागद लिहायची नाही. हा लेख त्या एका कागदाविषयी आहे.

मीडिया लॅब म्हणजे काय?

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८५ साली निकोलस निग्रोपोंटी आणि जेरोम वाईझनर यांनी मीडिया लॅब सुरू केली. इथे अभियंता, चित्रकार, संगीतकार आणि शिक्षक एकाच छताखाली बसतात. लहान मुले हाताने वस्तू घडवता घडवता शिकतात, हा विचार मांडणारे सेमूर पॅपर्ट तिथलेच. मुलांना खेळत खेळत संगणकाचे प्रोग्रामिंग शिकवणारे 'स्क्रॅच' हे मोफत साधन २००७ मध्ये याच लॅबमधून जगासमोर आले. आज ते ७०हून अधिक भाषांत चालते.

आपल्या देशाने हा प्रयोग लवकर ओळखला. २००१ मध्ये भारत सरकार आणि एमआयटी यांनी मिळून 'मीडिया लॅब एशिया' सुरू केली. प्रमोद महाजन तेव्हा माहिती तंत्रज्ञान मंत्री होते. दोन वर्षांतच, २००३ मध्ये, एमआयटीबरोबरचा करार संपला. संस्था भारताची म्हणून चालू राहिली आणि पुढे तिचे नाव 'डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन' झाले.

त्याच सुमारास एमआयटीच्या दुसऱ्या एका केंद्राने आपल्या शेजारी एक छोटे रोप लावले. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे १९८३ मध्ये 'विज्ञान आश्रम' सुरू केला होता. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज आणि अन्नप्रक्रिया हाताने शिकवायची, असा तिथला शिरस्ता. प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या केंद्राने २००२ मध्ये इथे 'फॅब लॅब' उभी केली. संगणकावर काढलेले चित्र यंत्राकडून कापून किंवा कोरून प्रत्यक्ष वस्तू करायची, अशी ही कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. कर्जतला लागून श्रीगोंदा आणि श्रीगोंद्याला लागून शिरूर, एवढेच हे अंतर. लॅब गावात आली, कारण गावाकडे प्रश्न होते आणि ते विचारणारा माणूस होता.

नाशिकच्या मुलांनी काय केले?

विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांतून काय घडू शकते याचे आपल्या राज्यातले चांगले उदाहरण नाशिकचे आहे. २००३ च्या कुंभमेळ्यात नाशिकला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे दगावली. पुढचा कुंभ २०१५ मध्ये होता. एमआयटी मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. कोपऱ्याआड दडलेली वस्तू टिपू शकणाऱ्या कॅमेऱ्यावरील कामामुळे ते जगभर ओळखले जातात. २०१६ चा लेमेलसन-एमआयटी पुरस्कारही त्यांना मिळाला. त्यांनी आणि नाशिककरांनी मिळून २०१४ पासून 'कुंभथॉन' नावाची शिबिरे भरवली. मेळ्यात लाखो लोक आले की कोणत्या अडचणी येतात ते शोधा आणि त्यावर काही करून दाखवा, अशी हाक विद्यार्थ्यांना दिली गेली.

मुलांनी एकेक धागा पकडला. मोबाइल टॉवरला जोडलेल्या फोनच्या संख्येवरून गर्दीचा अंदाज घेता येईल का, हे कुणी पाहिले. दवाखान्यांतील रोजच्या नोंदी एकत्र करून साथीची चाहूल लागेल का, हे कुणी तपासले. नीलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा आणि त्याच्या साथीदारांनी एक चटई तयार केली. तिच्यावर पाय पडला की आतल्या सेन्सरला दाब कळतो आणि माणसांची मोजणी होते. अमुक रस्त्यावरून किती माणसे गेली, हे पोलिसांना त्याच घडीला कळावे म्हणजे गर्दी दुसरीकडे वळवता येईल. या प्रकल्पाचे नाव 'आशियोतो'. २०१५ च्या कुंभात या चटईने १८ तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिनामध्ये चेंगराचेंगरी होऊन शेकडो हाजी शहीद झाले. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवशी नातेवाइकांना फोन लावत रात्र काढली असेल. गर्दीत गुदमरणाऱ्या जिवाला धर्म नसतो आणि त्याला वाचवणाऱ्या चटईलाही नसतो. गोदाघाटासाठी केलेली वस्तू उरुसाला, इज्तेमाला, ईदगाहच्या दाराशी आणि एसटी स्टँडवरही चालेल. २०२७ मध्ये नाशिकला पुन्हा सिंहस्थ आहे. तेव्हाच्या प्रस्तावांत आपल्या मुला-मुलींचीही नावे का असू नयेत?

आपल्याकडे ही परंपरा होती

'हे आपले काम नाही' असे काही पालकांना वाटते. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. अल-जज़री यांनी सन १२०६ मध्ये दियारबकरच्या दरबारात असताना यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला. पाण्यावर चालणारी घड्याळे, पाणी उपसणारी यंत्रे, आपोआप हलणाऱ्या आकृत्या अशी सुमारे ५० साधने त्यात आहेत. नुसते वर्णन करून ते थांबले नाहीत. चित्र, मापे आणि जोडणीचा क्रम असा दिला की दुसऱ्या कारागिराला ते साधन बनवता यावे. आज लॅबमध्ये प्रकल्पाचा अहवाल मागतात तो याच कारणासाठी. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. त्यांनी ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहता प्रयोग करून निष्कर्ष काढले. आजच्या कॅमेऱ्याचा इतिहास सांगताना त्यांचे नाव आदराने घेतात.

आपल्या जिल्ह्याकडे पाहा. मौलाना अबुल कलाम आज़ाद १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. 'ग़ुबार-ए-ख़ातिर'मधली पत्रे त्यांनी तिथेच लिहिली. कैदेतून सुटल्यावर हेच मौलाना स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण नगरला मिस फरार यांच्या शाळेत घेतले. पुढे फातिमा शेख त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. आपल्या महाविद्यालयांना पदवी देणारे पुण्याचे विद्यापीठ आज सावित्रीबाईंच्या नावाने ओळखले जाते. म्हणून मुलीच्या हातात प्रकल्पाचा कागद देताना मन कचरू नये.

विषय कुठून आणायचा?

'सर, एखादा विषय सांगा ना' ही मागणी प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहे. विषय सुचवण्यापेक्षा शोधायची रीत शिकवणे बरे. रासकर यांनी नव्या कल्पना शोधण्याची सहा बाजूंची एक पद्धत सांगितली आहे. हाताशी एक गोष्ट घ्यायची आणि तिला सहा प्रश्न विचारायचे. आपल्या परिसरातली उदाहरणे घेऊन ती अशी सांगता येईल.

पहिला प्रश्न: ही गोष्ट एक पायरी पुढे नेता येईल का? उर्दू पुस्तकाचे पान मोबाइलवर दिसते. तेच पान ऐकू येईल का? नजर अधू झालेल्या नानाजींना त्याचा किती उपयोग होईल!

दुसरा: दोन गोष्टींचा मिलाफ होईल का? एसटीचे वेळापत्रक आणि व्हॉट्सअॅपचा आवाजी निरोप एकत्र केले तर वाचता न येणाऱ्या प्रवाशालाही गाडी कधी येणार ते कळेल.

तिसरा: हीच गोष्ट उलटी केली तर? हवामानाचा अंदाज वरून शेतकऱ्याकडे येतो. आपला तालुका अवर्षणाचा, एका गावात पाऊस पडतो आणि शेजारचे गाव कोरडे राहते. प्रत्येक गावातल्या शाळेने पाऊस मोजून आकडा वर पाठवला तर?

चौथा: एक हातोडा हाती आहे, तो कोणकोणत्या खिळ्यांवर चालेल? नाशिकची चटई उरुसात कशी चालेल, हा विचार याच जातीचा.

पाचवा: एक खिळा आहे, त्यासाठी कोणकोणते हातोडे आहेत? चाळीतला कांदा सडतो. तो कुठे सडायला लागला हे तापमानावरून, ओलीवरून, वासावरून की वजनावरून लवकर कळेल? प्रत्येक उत्तर हा वेगळा प्रकल्प आहे.

सहावा: एखादे विशेषण लावा. स्वस्त, हलके, विजेविना चालणारे, मराठीत बोलणारे. महागडे यंत्र २०० रुपयांत होईल का, हा प्रश्नही मोलाचा आहे.

मुलांनी एक आठवडा खिशात छोटी वही ठेवावी. घरात, शेतात, दवाखान्यात, मशिदीत, बाजारात कोण कुठे अडले ते लिहावे. रेहेकुरीच्या काळविटांनी रात्रीत हरभरा खाल्ला, वुज़ूच्या नळाचे पाणी वाया गेले, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाची शाळा बुडाली. आठवड्याअखेर वहीत २०-२५ नोंदी होतात आणि त्यांत दोन-तीन तरी प्रकल्पाच्या असतात.

दादीची बोली आणि मशीन

आता एक विषय जरा खोलात जाऊन पाहू. तो आपल्या घरातला आहे आणि आपण सोडून दुसरे कुणी तो घेणार नाही.

नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मुस्लिम घरांत दख्खनी बोलली जाते. शाळेत मराठी किंवा उर्दू, टीव्हीवर हिंदी, पण चुलीजवळ दख्खनी. 'नक्को', 'कायकू', 'हौ' हे शब्द आपले. 'मैंच बोली', 'वहींच है' यांतला 'च' तर थेट मराठीतून आलेला. 'लोकां', 'बातां', 'पाँवां' ही अनेकवचनेही तिचीच. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाहीच्या काळात या भाषेत ग्रंथ लिहिले गेले. आज तिला 'बिघडलेली उर्दू' म्हणून हिणवतात आणि पोरे चारचौघांत ती बोलायला लाजतात.

यात भावनेपेक्षाही जास्त काही पणाला लागले आहे. फोनशी बोलून कामे होण्याचा काळ सुरू झाला आहे. सरकारची 'भाषिणी' ही योजना २०२२ पासून भारतीय भाषांतला आवाज मशीनला समजावा म्हणून काम करते. मराठी आणि उर्दू दोन्ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असल्याने त्यांच्यावर काम होते. दख्खनी त्या अनुसूचीत नाही. उद्या सरकारी दवाखान्यात केसपेपर आवाजावर निघू लागले आणि दादी म्हणाली, 'कल से पाँवां में गोळे आ रे, खाना नक्को लगता', तर मशीन काय लिहील? पायात गोळे येणे कुणी तरी समजून घ्यायला हवे. ते समजले नाही तर औषध चुकेल. मशीन ऐकून ऐकून शिकते. आपल्या दादी-नानीचा आवाज तिच्या कानावर कधी पडलाच नाही, तर ती शिकणार कुठून?

अशा प्रकल्पाचा प्रस्ताव कसा असेल? एका पानात मावणारा मसुदा पाहा.

नाव: दादीची बोली, कर्जत तालुक्यातील दख्खनीचा आवाज-संग्रह.

अडचण: घरी दख्खनी बोलणाऱ्या वयस्क स्त्रियांचे बोलणे फोनवरच्या आवाज-टंकलेखनाला नीट कळत नाही.

उपयोग कुणाला: साठीपुढच्या स्त्रिया, त्यांचे डॉक्टर, बँक आणि कचेरीतले कर्मचारी.

काय करणार: ३० जणांचे प्रत्येकी १० मिनिटांचे बोलणे परवानगीने ध्वनिमुद्रित करणार. म्हणजे एकूण ३०० मिनिटे, पाच तास. त्यातून ५०० शब्द निवडून त्यांचा उच्चार, मराठी अर्थ आणि उर्दू अर्थ देणार.

कसोटी: याच संग्रहातली १०० वाक्ये आजच्या आवाज-टंकलेखनाला ऐकवून किती शब्द चुकतात ते मोजणार. चुकांचे प्रकार लिहून काढणार.

वेळ आणि माणसे: चार विद्यार्थी, १२ आठवडे. एका तासाचे बोलणे अचूक उतरवून घ्यायला सात-आठ तास सहज लागतात. म्हणजे पाच तासांसाठी सुमारे ४० तास, प्रत्येकाच्या वाट्याला १०.

लॅबकडून काय हवे: बरा मायक्रोफोन, ध्वनी साफ करायचे सॉफ्टवेअर, भाषा आणि संगणक जाणणारा एक मार्गदर्शक.

शेवटी हाती काय येणार: आवाजी शब्दकोश, चुकांचा तक्ता आणि पुढच्या विद्यार्थ्याला वापरता येईल असा संग्रह.

एवढेच. यात 'क्रांती' नाही, 'जगात प्रथमच' नाही. पण मार्गदर्शकाला एका नजरेत कळते की मुलाने विचार केला आहे. काम १२ आठवड्यांत होण्यासारखे आहे आणि झाले की नाही हे मोजता येते.

लिपीचे काम अजून बाकी आहे

दुसरा विषय लिपीचा. उर्दूची नस्तालीक लिपी उताराने वाहते. शब्दातले अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. त्यामुळे संगणकावर ती आणणे फार कठीण गेले. वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे कातिबांच्या हाताने लिहून छापली जात. पाकिस्तानचे मिर्ज़ा अहमद जमील यांनी अक्षरांच्या हजारो जोडण्या हाताने लिहून दिल्या आणि १९८१ च्या सुमारास 'नूरी नस्तालीक' तयार झाले. पुढे दिल्लीत बनलेल्या 'इनपेज'मुळे ही लिपी आपल्याकडच्या छापखान्यांत पोहोचली. आता गूगलचा मोफत नस्तालीक फाँटही मिळतो. तरी अनेक फोन आणि संकेतस्थळांवर उर्दू आजही अरबी धाटणीच्या नस्ख लिपीत दिसते आणि उर्दू शाळेतले मूल अडखळत वाचते.

देवनागरीच्या बाबतीत हे काम विद्यापीठांनी कसे केले ते पाहण्यासारखे आहे. आयआयटी मुंबईत १९६९ पासून इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आहे. आज त्याला आयडीसी म्हणून ओळखतात. रघुनाथ कृष्ण जोशी म्हणजे र. कृ. जोशी तिथे शिकवत. संगणकावर मराठी लिहिताना आपण वर्षानुवर्षे पाहिलेला 'मंगल' फाँट त्यांनी घडवला. तिथेच प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक आणला. 'क'वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते. बाराखडी आलेल्या माणसाला वेगळे टंकलेखन शिकावे लागत नाही. ही कल्पना मराठी शाळेच्या पाटीवरूनच आली म्हणा ना! उर्दूच्या तख़्तीवरून अशी कोणती कल्पना निघेल? अलिफ-बे शिकणाऱ्या मुलांची बोटे पाहणारा शिक्षक किंवा विद्यार्थीच ते सांगू शकेल.

तिसरा विषय जुन्या कागदांचा. आपल्याकडच्या दर्गे, मशिदी आणि इनामी घराण्यांच्या दप्तरांत मोडी आणि फारसी कागद आहेत. वाळवी त्यांची वाट पाहत नाही. कागदाचे नीट छायाचित्र घेणे, त्यावर काय आहे याची साधी सूची करणे आणि मोडी वाचणाऱ्यापर्यंत ती पोहोचवणे हा इतिहास आणि संगणक दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांचा सामाईक प्रकल्प होऊ शकतो. जमिनीच्या वादात पुरावा हाताशी असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

प्रस्ताव कुठे अडतो?

बहुतेक प्रस्ताव तीन ठिकाणी अडतात. पहिले, विषय आभाळाएवढा असतो. 'मुस्लिम समाजाचे शैक्षणिक मागासलेपण दूर करणे' हा १२ आठवड्यांचा प्रकल्प नाही. 'आठवी उर्दूच्या विज्ञानातील ४० कठीण शब्दांची चित्रे' हा आहे. दुसरे, प्रश्न कळायच्या आधीच उत्तर ठरलेले असते. 'आम्ही अॅप बनवणार' असे पहिल्या ओळीत येते. कुणासाठी ते शेवटपर्यंत येत नाही. कधी उत्तर अॅप नसून भिंतीवरचा तक्ता असतो. तिसरे, ज्यांच्यासाठी करायचे त्या माणसांना कुणी भेटलेलेच नसते. पाच माणसांशी बोलून त्यांचे म्हणणे दोन ओळींत लिहिले तर प्रस्तावाचे वजन दुप्पट होते.

चौथी गोष्ट अमानतीची. कुणाचा आवाज, फोटो, आजार, पत्ता आपल्या फोनमध्ये आला की ती अमानत झाली. विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण करू नये. घरच्या स्त्रियांचे आवाज कुठे जातील, कोण ऐकेल, नको म्हटले तर पुसले जाईल का, हे आधी साध्या भाषेत सांगावे आणि लेखी परवानगी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. दीन आणि कायदा इथे एकच गोष्ट सांगतात. प्रस्तावात या परवानगीचा परिच्छेद असला की मार्गदर्शकाचाही विश्वास बसतो.

दारे कुठे आहेत?

शाळेपासून सुरुवात करता येते. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत सहावीपासूनच्या विद्यार्थ्याची स्वतःची कल्पना शाळा ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर नमुना तयार करण्यासाठी १० हजार रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा की यंदा आपल्या शाळेकडून कल्पना गेल्या का. नीती आयोगाच्या 'अटल टिंकरिंग लॅब' देशातल्या १० हजारांवर शाळांत आहेत. निवडलेल्या शाळेला त्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. आपल्या शाळेत नसेल तर जवळच्या शाळेत आहे का, पाहावे.

महाविद्यालयात 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. ती महाविद्यालयापासून सुरू होऊन राज्यापर्यंत जाते. कला शाखेचे विद्यार्थीही तिच्यात भाग घेतात. कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे ही वाट आपल्या गावातूनच निघते. पुणे विद्यापीठात शैक्षणिक चित्रफिती बनवणारे केंद्र आहे, 'विद्यावाणी' हा सामुदायिक रेडिओ आहे. आवाज आणि चित्रावर काम करू पाहणाऱ्याने तिथे जाऊन भेटावे. हाताने काही घडवायचे असेल तर पाबळला जाऊन एक दिवस नुसते पाहून यावे.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी यूसीड ही परीक्षा लक्षात ठेवावी. आयआयटी मुंबईच्या आयडीसीतला डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम यातून मिळतो आणि ही परीक्षा बारावी कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेतून देता येते. पदवीनंतरच्या प्रवेशासाठी सीड आहे. चित्रकला चांगली असलेल्या मुलीला 'चित्रं काढून पोट भरतं का?' असे ऐकवण्यापूर्वी पालकांनी ही दोन नावे ऐकावीत.

पालकांसाठी दोन शब्द

सच्चर समितीने २००६ मध्ये जे आकडे मांडले त्यांत वीस वर्षांपुढच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहून कमी होते. देशाचे सरासरी प्रमाण सुमारे सात टक्के होते. त्यानंतर आपल्या मुलींनी विशेषतः मोठी मजल मारली. पण २०२२ मध्ये संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आज़ाद फेलोशिप बंद झाली आणि गरीब घरातल्या मुलाला संशोधनाची वाट आणखी अरुंद झाली. अशा वेळी ज्याच्या हाती लिहिलेला, तपासलेला, छोटासा का होईना पूर्ण केलेला प्रकल्प आहे, त्याला मार्गदर्शक ओळखतात, पुढच्या संस्था ओळखतात. शिफारसपत्र मागायला तोंड उरते.

घरात एवढे करता येईल. मूल वस्तू उघडून बसले तर लगेच रागावू नका. दहा माणसांना भेटायला जायचे म्हणाले तर सोबत जा. मुलगी असेल तर अम्मी किंवा फुफीने जावे, काम आणखी चांगले होते. प्रकल्प फसला तर 'वेळ वाया गेला' म्हणू नका. काय चालले नाही, हे नीट लिहून ठेवलेला कागदही लॅबमध्ये कामाचा मानतात. आणि दादी-नानीला सांगा की त्यांच्या बोलण्याला किंमत आहे. नातवाने फोन समोर धरून 'ज़रा बोलो ना' म्हटले तर त्यांनी लाजू नये.

मशिदीच्या कमिट्या आणि महिला बचत गटांनाही हे जमण्यासारखे आहे. शाबानच्या महिन्यात एक रविवार ठेवावा. गावातल्या नववीपुढच्या मुला-मुलींनी आपापल्या वहीतला एकेक प्रश्न तीन मिनिटांत सांगावा. निवडक पाच जणांना कागद, प्रवासखर्च आणि एक शिक्षक द्यावा. खर्च एका दावतीपेक्षा कमी येतो. पहिल्या वह्यीत वाचण्याचा हुकूम आणि कलमाचा उल्लेख आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगत आलो. आता त्यांच्या हातातल्या कलमाने त्यांचा स्वतःचा प्रश्न लिहिला जाऊ दे. विद्यापीठाच्या दाराशी आपली मुले नुसती हात पसरून उभी राहिलेली नसावीत. त्यांच्या हातात गावाचा प्रश्न असावा आणि तो सोडवायची पहिली पायरीही त्यांनीच लिहिलेली असावी, इन्शाअल्लाह.